सुरमईचं पोट

सुरमईचं पोट चिरलं आणि माझं डोकंच फिरलं. आत तारलीसारखा एकही छोटा मासा नव्हता.

हंगामातली पहिली सुरमई भावाने बहिणीच्या घरी आणायची आणि तिच्या हातचं कालवण जेवून जायचं, ही आमच्या बंदरावरची रीत. यंदा ती मिळायलाच महिना गेला. हरेश्वर, माझा धाकटा भाऊ, हात धुऊन जेवायला बसलाही होता.

"बाबा आणायचे त्या सुरमईच्या पोटातून चार-चार तारल्या निघायच्या. हिने काय खाल्लं? खारं पाणी?"

"दर्यात मासाच नाही गं, ताई."

"नाही कसा? महिनाभर तुझ्याच बोटीतून उतरतोय की! बोटाएवढ्या तारल्या टेम्पो भरभरून त्या कारखान्यात दळायला पाठवतोस. पाच किलो तारली दळली की किलोभर पीठ निघतं, तेही जातं तळ्यात पाळलेल्या कोळंबीच्या पोटात. आणि कोळंबी जाते विमानाने परदेशात. दर्यातल्यांनी खायचं काय?"

"सगळेच पाठवतात. मी एकट्याने थांबून काय होणार? भूक लागलीय, वाढ ना."

मी सुरमई तशीच झाकून ठेवली आणि त्याच्यापुढे ताट आदळलं. भात नाही, भाकरी नाही, नुसतं ताट.

तो ताटाकडे बघत राहिला. "हे काय?"

"वाट बघ," मी म्हटलं. "ती सुरमईही तारलीची वाट बघत होती."