चालताना डबा नुसता डबा

ओलं फडकं. जेनेरिक्स. बाबांची दुपारची झोप.

लेक ऑफिसात नव्या पोरांना प्रोग्रॅमिंगमधलं जेनेरिक्स शिकवत होती. "कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या आधी, प्रत्येक डब्याचं लेबल तपासतात. पास झालं की ते लेबल पुसून टाकतात. रन टाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालताना, डबा नुसता डबा. आत भलतंच काही असलं, तर वापरतानाच कळतं."

फोन वाजला. आईचा.

"अगं, बाबांच्या गोळ्यांच्या डब्या काय चिकट झाल्या होत्या! ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या. वरची नावं निघाली, पण मला आठवतंय गं सगळं."

"आई, गोळी दिलीस?"

"मघाशीच. गाढ झोपलेत. हलवलं तरी उठत नाहीत बघ."



गेल्या महिन्यात त्या डब्या लेकीनेच आणल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या.