आईच्या झाडांचं तेल

विसालताईचं पत्र दोन वर्षं नासिफ मास्तरांच्या पुस्तकात उत्तराविना पडून होतं. अम्मानहून तिनं लिहिलं होतं, "तू पाठवलेलं तेल जिभेवर ठेवलं आणि आईची जैतुनाची झाडं ओळखली. यंदा किती निघालं?"

तेल नाब्लुसच्या बाजारातलं होतं. जैतून उतरवायला इस्रायली सैन्य वर्षातून दोनच दिवस रानात जाऊ देई. टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीतले लोक दगड मारतात म्हणून मास्तर ते दोन्ही दिवस घरात वाचत बसत.

"शेजारची विधवा जाते, मास्तर," पत्नी हियाम म्हणे. "तिचं डोकं काय लोखंडाचं आहे?"

या हिवाळ्यात वसाहतवाल्यांनी सगळी झाडं कापून टाकली. तेव्हा कुठे मास्तर लिहायला बसले. "ताई, ते तेल विकतचं होतं. मी भीतीपोटी रानात गेलोच नाही."

हियामनं पत्र वाचलं. "आणि झाडं कापली, ते?"

"ते पुढच्या पत्रात. आत्ता लिहिलं, तर ती त्यांना शिव्या देईल आणि मला माफ करून टाकेल."

मास्तरांनी पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं.