तिसरी गुंडाळी

जळलेल्या मोटरीच्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस जात नाही. पण तपासनीस बाईंना खटकत होतं ते वेगळंच. टेबलावर रिपोर्ट आधीच तयार होता: लिफ्टमनने वजन जास्त भरलं, लिफ्टची मोटर तापली, आतलं चुंबक कमजोर झालं. फक्त बाईंची सही बाकी होती. ती झाली की बाहेर बाकावर बसलेल्या लिफ्टमनची नोकरी गेलीच.

"मोटर तपासू तरी द्या," बाई म्हणाल्या.

"तपासा की. आम्ही कुठे नको म्हणतोय?" मोटर बनवणाऱ्या कारखान्याचा साहेब दात कोरत म्हणाला. कोरलेलं निरखून परत तोंडात टाकायची खोड होती मेल्याला. बाईंनी मान फिरवली.

त्यांनी वीज तोडली आणि दुसऱ्या एका मोटरीने या मोटरीचा दांडा फिरवायला घेतला. आत चुंबक असलं की नुसतं फिरवूनही मोटर वीज काढते. चुंबक कमजोर असतं तर मीटरवर तारेच्या तिन्ही गुंडाळ्यांची वीज सारखीच कमी दिसली असती. इथे दोन ठणठणीत होत्या, तिसरीच खाली बसलेली. म्हणजे चुंबकाला काही धाड भरली नव्हती. तिसऱ्या गुंडाळीत तारेला तार चिकटली होती. जास्त वजनाने तिन्ही जळल्या असत्या. आणि गुंडाळी काही लिफ्टमन भरत नाही, ती कारखान्यात भरतात.

"मीटर जुना दिसतोय तुमचा," साहेब गोड हसला. "हे बघा मॅडम, त्या लिफ्टमनला काय, दुसरीकडे कुठेही काम मिळेल. आमच्या अशा चारशे मोटरी ठिकठिकाणी बसवल्यात. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार म्हणताना त्याने खांद्यावर हात ठेवला. अंगावर पाल पडावी तशी बाईंना शिसारी आली. त्यांनी तो हात झटकून टाकला.

"मीटर राहू द्या. वीज बंद आहे, तुमच्यासमोर तोडली. चिकटलेली तार नसेल तर मोटर नुसती फिरवून गुंडाळी तापत नाही. या तिसरीवर हात ठेवा. थंड लागली तर आत्ता सही करते."

आवाज ऐकून लिफ्टमन दारात येऊन उभा राहिला होता. मोटर फिरत होती. साहेबाने दोन्ही हात खिशात घातले.

"भाजून घ्यायचंय का मला?"

बाईंनी निष्कर्षाच्या रकान्यातली ओळ खोडली आणि तिथे साहेबाचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.