घरात धूर नको

"बिडी बाहेर टाका, नायतर तुम्ही बाहेर व्हा," सारजाबाई उंबऱ्यात उभी राहून नवऱ्यावर खेकसली.

मुंजाबानं बिडी चिरडली. तो बाहेरच बसला होता, पण हे तिला सांगणार कोण?

नातू दोन महिन्यांचा. खोकून खोकून त्याचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि त्याच्या आईचा, रत्नमालाचाही. तिच्या डोळ्याला डोळा लागून कैक दिवस झाले होते. क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी बाळाची छाती तपासून एकच विचारलं, "घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?" रत्नमालाच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, बापाकडं बघितलं. "बाळाजवळ धूर नको," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुष्काळात मेंढरं विकून लासूर स्टेशनकडचं गाव सोडल्यापासून हे सगळे पडेगावात एका पत्र्याच्या खोलीत राहत होते. चहूकडं इमारती उठत होत्या, पाणी मात्र टँकरचं. अजिनाथ त्या इमारतींवर सेंट्रिंगला जायचा, मुंजाबा टँकरच्या रांगेत हंडे धरून बसायचा. मिसरूड फुटल्यापासूनची बिडी त्यानं नातवासाठी त्याच दिवशी सोडली.

सारजाबाईनंही काही कमी पडू दिलं नाही. स्वतः तहान मारायची, पण बाळाचं तेल, ऊन पाण्याची आंघोळ, शेक-शेगडी, एक दिवस चुकवलं नाही. "माझी सगळी लेकरं अशीच वाढली," ती म्हणायची.

बिडी सुटली, खोकला काही सुटेना.

"तुमच्या कापडात मुरलाय धूर," सारजाबाई म्हणाली. मुंजाबा ओट्यावर झोपू लागला. तरी बाळ खोकायचंच. रत्नमालाला सासऱ्याची कीव यायची, पण लेकरापुढं ती तरी काय बोलणार? थकून गेली होती बिचारी.

एका सकाळी मुंजाबा पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"मामा, कुठं निघालात?"

"गावाकडं. लेकराला माझी बाधा नको."

"तिथं प्यायला पाणी नाय."

"माझ्या एकट्याचं भागंल." त्यानं बाळाकडं हात पुढं केला, मग आपल्याच बोटांचा वास घेतला आणि हात मागं ओढला.

तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. सारजाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग उठली, बाळाला न्हाऊमाखू घातलं, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं.

"आता पडंल गं लेकराला आराम," ती म्हणाली. "दार-खिडकी लावून घे. घट्ट."

रत्नमालानं लावून घेतली. सारजाबाईनं निखाऱ्यांची शेगडी पाळण्याखाली सरकवली, तिच्यावर लसणाची सालं टाकली, मूठभर ओवा सोडला. पाळणा दिसेनासा झाला. आत बाळ खोकू लागलं.

"खोकला लईच हाय," सारजाबाई म्हणाली. "आजपासून धुरी दोन्ही वेळ देऊ."