सातवी अट

कपाच्या बुडाचा गोल डाग पडलेला कागद मी बिडवे सरांसमोर ठेवला. डाग त्यांच्याच कपाचा होता, चार वर्षांपूर्वीचा.

तेव्हा मी त्यांच्या कंपनीत होते. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, डेटाबेस निवडताना मी त्याच्या लायसन्सची प्रिंट काढून सातव्या अटीखाली रेघ मारली होती. सरांनी त्यावरच चहा ठेवला. "फुकट मिळतंय ना? मग अटी कसल्या वाचत बसतेस?" सगळी मीटिंग हसली. महिन्याभरात त्यांनी मला घरी बसवलं. निघताना मी फक्त हा कागद उचलला.

आज मी डेटाबेस बनवणाऱ्यांच्या बाजूने, सरांच्या कंपनीने अट मोडल्याची नोटीस घेऊन आले होते.

"मिटवून टाकू. काय हवंय बोल," सर म्हणाले.

"तेवढी सातवी अट वाचा, सर. मोठ्याने."

त्यांनी वाचली. "डेटाबेसमध्ये बदल करून तो ग्राहकांना वापरायला दिल्यास, बदललेला सगळा कोड सर्वांसाठी खुला करावा." कागद टेबलावर टाकला.

"म्हणजे आम्ही चार वर्षं राबून केलेले बदल कुणीही न्यायचे? फुकट?"

"फुकट," मी म्हटलं आणि त्यांचा कप उचलून त्याच डागावर ठेवला. "घ्या सर, चहा गार होतोय."