तारखेसकट

“डाव्या हाताचा अंगठा चालेल,” असं म्हणून मुकादमाने कागद घडीच्या टेबलावर ठेवला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

इस्त्रीवाल्या बाईचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पट्टीत होता. तिने डाव्या हाताने कागद उचलला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चादरी दाबायच्या गरम यंत्रात माझा हात गेला तो माझ्या निष्काळजीपणामुळे, यंत्रात बिघाड असल्याचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, असं त्यात तिच्या वतीने लिहिलेलं होतं. अंगठा दिला तर पट्टी सुटल्यावर घडी घालायच्या कामावर घेणार होते. नाही दिला तर आजपासून घरी.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“तुम्हाला. हात आत जाऊ नये म्हणून जी दांडी असते, ती ढिली झालीय, असं.”

“मला काही आठवत नाही, ताई.”

धुलाईघरातल्या अकरा जणी आपापल्या जागी उभ्या होत्या. यंत्रं अजून बंदच होती, कारण सकाळचं वाचन व्हायचं होतं. रोज यंत्रं सुरू होण्याआधी मुकादम शर्टाच्या खिशातून छोटी काळी वही काढायचा, तिच्यातली एक ओळ वाचायचा आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं, असा वीस वर्षांचा नेम. शहाणपणाचा शब्द कानावर पडला की तिथेच टिपून घे, बोलणाऱ्याच्या नावासकट, तारखेसकट. देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही, असं चर्चच्या पाळकांनी त्याला तरुणपणी सांगितलं होतं. त्याने ते इमानेइतबारे पाळलं. सवय चांगलीच. फक्त एकदा ओळ वहीत गेली की आपलं काम संपलं, असं या गृहस्थाला वाटायचं.

“राग धरू नये,” तो म्हणाला आणि वही काढली. “परवाच्या उपदेशात क्षमेवर फार सुंदर सांगितलं. ऐका.”

“द्या इकडे,” बाईने डावा हात पुढे केला. “आज मी वाचते.”

ही वही माझी नाही, प्रभूची आहे, असं तो सगळ्यांना उठताबसता ऐकवायचा. आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? उलट बाई जरा नरमली असं वाटून त्याला बरंच वाटलं. त्याने वही दिली.

ती अंगठ्याने पानं मागे मागे उलटत गेली.

“क्षमेचं शेवटच्या पानावर आहे,” मुकादम म्हणाला.

“मला दुसरं हवंय. मी दांडीचं सांगत होते तेव्हा तुम्ही पेन्सिल काढलीत. लगेच लिहूनही घेतलंत. मला वाटलं, तक्रार नोंदवताय. म्हणून मी परत सांगितलं नाही. हात भाजल्यापासून त्याचाच पश्चात्ताप करतेय.”

“असं कसं असेल? या वहीत मी यंत्राबिंत्राचं काही लिहीत नाही.”

ती एका पानावर थांबली. मुकादम रोज जसा सावकाश, शब्दाशब्दावर थांबत वाचायचा, तशीच तिने वाचायला सुरुवात केली.

“इस्त्रीवाली बहीण म्हणाली, आज बोटं थोडक्यात वाचली, पण दांडी अशीच ढिली राहिली तर उद्या वाचणार नाहीत. बोध: माणसाने सदैव जागं असावं.”

मग तिने तारीख वाचली. अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची.

एरवी पहिला आमेन मुकादमाचाच असायचा.

“आमेन,” मागून घडीवाली म्हातारी म्हणाली.

“आमेन,” बाकीच्या सगळ्या म्हणाल्या, रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने.

मुकादमाने वहीसाठी हात पुढे केला. बाईने ती मिटून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. यंत्रं सुरू करायला कुणीच गेलं नाही.