गवताचा ट्रॅक्टर

विनोद मोठ्या ट्रॅक्टरवर चढून बसलासुद्धा. तुमसरच्या शोरूमच्या अंगणात ते लाल धूड उभं होतं, आणि वरात निघायचीच काय ती बाकी, अशा थाटात विनोदचे हात स्टिअरिंगवर होते. विक्रेत्यानं त्याला इंजिनाची ताकद सांगितली, ट्रॉली किती भरून ओढतो ते सांगितलं. खाली देवाजी, विनोदचे वडील, मान डोलावत होते. ट्रॅक्टर घ्यायला आली होती चंद्रकांता. तिच्याकडे तिघांचीही पाठ होती.

तिचं मन शेजारच्या लहान ट्रॅक्टरवर बसलं होतं. निळा, बुटका, नुकत्या जुंपायला आलेल्या गोऱ्ह्यासारखा. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलं.

पण म्हणायचं कुणाला? देवाजी तिचे थोरले दीर, म्हणजे भासरे. भासऱ्याशी सून थेट बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या साली ती लग्न होऊन नाकाडोंगरीला आली. माहेर त्या जिल्ह्यात गेलं, ती या जिल्ह्यात राहिली, आणि तेव्हापासून हेच चाललं होतं. नवरा कैलाश चिखल्याच्या खाणीत कामाला, मुळातच अबोल. तिचं म्हणणं तिच्याकडून पुरं निघायचं, आणि भासऱ्याकडे पोचायचं तेव्हा अर्धं झालेलं असायचं.

वाटणीत कैलाशला आली ती बरड जमीन. पाणी टाकलं की वाहून जायचं, धान काही उभं राहायचं नाही. चंद्रकांतेनं तिथे गवत लावलं. गाव पोट धरून हसलं. गवत का कोणी लावते, बापा, थे त आपोआप येते! धानाला लक्ष्मी म्हणतात, लोंबीला हळदकुंकू वाहतात. गवताला ना सण, ना देव. तरी ते वाढलं, कंबरेला लागलं, वाऱ्यासंगे निजलं आणि वाऱ्यासंगे उठलं. वाळलेल्या पेंढ्या तुमसरच्या गोठ्यांत जाऊ लागल्या. घर त्याच्यावर चालू लागलं. आजचा पैसाही त्याच गवताचा.

गेल्या साली मात्र दसऱ्याच्या सुमाराला बाया लावून कापणी चालली असताना पावसाचं पाणी आलं. कापलेलं होतं ते पडल्या जागी काळं झालं. उभं होतं ते लोळलं. विळ्यानं कापायचं म्हणजे दिवसांवर दिवस जातात, आणि आभाळ काही गवतासाठी थांबत नाही. यंत्रानं झरझर कापून टाकलं, वर तीन-चार कोरडी उन्हं मिळाली, की गवताचं सोनं. यंदाही हुकलं तर गोठेवाले दुसरा दारवंटा धरणार होते, आणि बरड पुन्हा नुसतं बरड राहणार होतं.

तिनं शेजारी उभ्या कैलाशच्या कानाशी सगळं सांगितलं. मोठं धूड बरडावर जाणार कसं? वाट भाऊजींच्याच धानाच्या बांध्यांमधून, त्यांचेच धुरे, म्हणजे बांध, फोडावे लागतील. आणि गेलंच, तर त्या वजनाखाली गवताचे खुंट मरतील, पुन्हा फुटणार नाहीत.

कैलाश खाकरला. "तिचं म्हणणं, लहानच बरा."

देवाजींनी ते माशी वारावी तसं वारलं. घराला शोभेल असा घ्यावा, म्हणाले. विनोद चालवील. आधी धानाची चिखलणी उरकील, गावातली चार कामं करील, मग सवड झाली की काकूचं गवतही कापून देईल.

सवड झाली की. चंद्रकांतेनं तो शब्द ऐकला आणि तिला काळं पडलेलं गवत दिसलं. ती निळ्या ट्रॅक्टरपाशी गेली, लुगड्याचा काठ आवरला आणि वर चढून बसली. पाय सरळ क्लचवर टेकला, जसा घरच्या उंबऱ्यावर टेकावा.

"काकू, खेळणं आहे थे," विनोद वरून हसला.

देवाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. पोटात होतं ते आता ओठावर आलं.

"कैलाश, उतरव तिले. ट्रॅक्टर म्हंजे नांगरच होय. बाईनं नांगराले हात लावला का पाणी थांबते. धान मरन गावाचं."

विक्रेत्यानं नजर खाली घातली. त्याच्याही घरी हेच सांगत असावेत. कैलाशनं बायकोकडे पाहिलं आणि तिचा निरोप पोचवायला एक पाऊल पुढे आला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. डोक्यावरचा पदर काढून कंबरेला खोचला आणि भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"पक्कं, भाऊजी? मी अथी बसली का पाणी थांबते?"

इतक्या वर्षांत तिचा आवाज त्यांनी असा समोरून ऐकला नव्हता. ते गडबडले. "पक्कं," म्हणून गेले. "आमच्या आज्यानं डोळ्यानं पायलं."

"मंग हाच द्या," ती विक्रेत्याला म्हणाली, आणि पुन्हा देवाजींकडे वळली. "गवत वाळेपावतर मी याच्यावरून हलत नाई, भाऊजी. तुमच्या धानाले पाणी लागन तवा कोणाच्या हाती निरोप नोका धाडू. सोता येऊन मले सांगा, मी खाली उतरीन."